कॅथलिक फादर व्हायचं असेल तर शिकायचं कुठे? पुण्यातल्या पेपल सेमिनरीपासून राशोलपर्यंतचे पर्याय

पुणे मेट्रोच्या वनाझ–रामवाडी मार्गावर शेवटच्या स्टेशनला उतरलात, की तुम्ही नगर रोडवरच्या अशा भागात येता जिथे भारतातल्या कॅथलिक धर्मगुरूंच्या अनेक पिढ्या शिकल्या आहेत. रोज इथून विमाननगर-खराडीला ऑफिस गाठणाऱ्या बहुतेकांना 'पेपल सेमिनरी' हे नाव फक्त पाटीपुरतं माहीत असतं.

कॅथलिक घरातल्या एखाद्या तरुणाने "मला फादर व्हायचंय" असं सांगितलं की घरात प्रश्नांची रांग लागते. दहावीनंतर जायचं की पदवीनंतर? किती वर्षं लागतात? फी किती? मध्येच सोडावंसं वाटलं तर? आणि सगळ्यांत आधी, प्रवेश कुठे घ्यायचा?

या शेवटच्या प्रश्नात एक गैरसमज दडलेला आहे. इंजिनीअरिंग कॉलेजसारखा सेमिनरीचा फॉर्म परस्पर भरता येत नाही. आधी ठरवावं लागतं की तुम्हाला कोणाचा धर्मगुरू व्हायचं आहे, म्हणजे एखाद्या धर्मप्रांताचा की एखाद्या संघाचा. ते एकदा ठरलं की सेमिनरी कोणती, हे बहुतेक वेळा तुमचे बिशप किंवा संघाचे प्रमुख ठरवतात.

म्हणून आधी हा फरक समजून घेऊ आणि मग एकेका संस्थेकडे वळू.

सेमिनरी म्हणजे नक्की काय?

'सेमिनरी' या शब्दाचं मूळ लॅटिन 'सेमिनारियम'मध्ये आहे. त्याचा अर्थ रोपवाटिका. धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी एकत्र राहून, शिकून, प्रार्थना करून तयार व्हायचं, ही पद्धत कॅथलिक चर्चने १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेत अधिकृतपणे स्वीकारली. प्रत्येक धर्मप्रांताने अशी व्यवस्था उभी करावी, असं तेव्हा ठरलं.

सेमिनरी दोन प्रकारची असते. 'मायनर सेमिनरी' शाळा-कॉलेजच्या वयातल्या मुलांसाठी असते. तिथे राहून मुलं नेहमीचं शिक्षण पूर्ण करतात आणि आपल्याला हा मार्ग खरंच हवा आहे का, याचा अंदाज घेतात. 'मेजर सेमिनरी'त तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या, म्हणजे थिऑलॉजी, शिकवली जाते आणि तिथूनच गुरुदीक्षेपर्यंतचा प्रवास होतो. या काळात विद्यार्थ्यांना साधारणपणे 'ब्रदर' म्हणतात.

पहिला निर्णय: धर्मप्रांत की संघ?

कॅथलिक धर्मगुरू दोन प्रकारचे असतात. बाहेरून पाहिलं तर दोघेही 'फादर'च, पण त्यांचं आयुष्य बरंच वेगळं असतं.

धर्मप्रांतीय धर्मगुरू एका बिशपच्या हाताखाली, एका ठरावीक भौगोलिक प्रदेशात काम करतो. चर्चमधला रोजचा ख्रिस्तयाग, लग्न, बाप्तिस्मा, अंत्यविधी, आजाऱ्यांच्या भेटी हा त्याच्या कामाचा गाभा. तो ब्रह्मचर्याचं आणि बिशपच्या आज्ञापालनाचं वचन देतो. दारिद्र्याचं व्रत तो घेत नाही, त्यामुळे स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवू शकतो. जीवन साधं असावं, ही अपेक्षा मात्र असतेच.

संघाचा धर्मगुरू हा आधी त्या संघाचा सभासद असतो. येशूसंघ (जेझुइट), सलेशियन, डिव्हाइन वर्ड, फ्रान्सेलियन, पिलार अशी त्यांची नावं तुम्ही शाळा-कॉलेजांमुळे ऐकली असतील. पुण्यातल्या सेंट व्हिन्सेंट्स आणि लोयोला या शाळा येशूसंघाच्या, तर डॉन बॉस्को नावाच्या शाळा सलेशियनांच्या. संघाचे सदस्य साधारणपणे दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेतात. त्यांना शाळेत, संशोधनात, आदिवासी पाड्यावर, दुसऱ्या राज्यात किंवा परदेशातही पाठवलं जाऊ शकतं. पगार मिळाला तरी तो संघाकडे जातो.

म्हणजे ज्याला आपल्या माणसांत, आपल्या भाषेत, एका भागात राहून काम करायचं आहे, त्याच्यासाठी धर्मप्रांत जवळचा. ज्याला शिक्षण, युवकांमधलं काम किंवा मिशन असं विशिष्ट क्षेत्र आणि सामूहिक जीवन खुणावतं, त्याने संघांची माहिती घ्यावी. चर्चच्या कायद्यानुसार यांपैकी कशाशीच जोडलेला नाही, असा मोकळा धर्मगुरू असू शकत नाही.

तुमचा धर्मप्रांत कोणता?

महाराष्ट्रातले कॅथलिक धर्मप्रांत जिल्ह्यांच्या नकाशाशी तंतोतंत जुळत नाहीत. पुण्याचा धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला. त्यातून १९८७ मध्ये नाशिक आणि २००५ मध्ये सिंधुदुर्ग हे धर्मप्रांत वेगळे झाले. मतमाऊलीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेलं हरेगाव, तसंच श्रीरामपूर, संगमनेर हा अहिल्यानगर जिल्ह्यातला भाग आता नाशिक धर्मप्रांतात येतो. नाशिकचे पहिले बिशप थॉमस भालेराव हे येशूसंघाचे होते.

वसईचा धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला आणि थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप झाले. पुढे २००९ मध्ये ते पुण्याचे बिशप म्हणून आले. विदर्भ-मराठवाड्याच्या बाजूला नागपूरचा महाधर्मप्रांत आणि अमरावती, औरंगाबाद हे धर्मप्रांत आहेत.

आणखी एक मुद्दा पिंपरी-चिंचवड, खडकी भागातल्या मल्याळी कुटुंबांसाठी महत्त्वाचा आहे. सगळे कॅथलिक एकाच उपासनापद्धतीचे नसतात. सिरो-मलबार कॅथलिकांसाठी कल्याणचा आणि सिरो-मलंकारा कॅथलिकांसाठी खडकी-पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. तुम्ही ज्या परंपरेत जन्मलात, तिच्याच धर्मप्रांताकडे आधी जावं लागतं. परंपरा बदलायची तर वेगळी परवानगी लागते.

पुणे: पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप

पुण्याबद्दल बोलताना दोन संस्थांची नावं कायम एकत्र येतात आणि त्यांची गल्लतही होते. पेपल सेमिनरी हे राहण्याचं आणि घडण्याचं घर. ज्ञानदीप ही शिकण्याची जागा.

पेपल सेमिनरीची सुरुवात पुण्यात झालेली नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ साली ती श्रीलंकेतल्या कँडी इथे सुरू केली. भारतातले धर्मगुरू भारतीयच असावेत, युरोपातून येणाऱ्या मिशनऱ्यांवर इथलं चर्च कायम अवलंबून राहू नये, हा त्यामागचा विचार होता. या मातीतले पुत्रच इथल्या तारणाचे दूत होतील, अशा आशयाचं ब्रीद सेमिनरीला त्यांच्याकडूनच मिळालं. भारत आणि श्रीलंका स्वतंत्र झाल्यानंतर, १९५५ साली, सेमिनरी रामवाडीला आली. चालवण्याची जबाबदारी सुरुवातीपासून येशूसंघाकडे आहे.

ही एका धर्मप्रांताची सेमिनरी नाही. देशातल्या वेगवेगळ्या धर्मप्रांतांचे बिशप आपले निवडक विद्यार्थी इथे पाठवतात. त्यामुळे मिझोराम, केरळ, झारखंड आणि महाराष्ट्रातला मुलगा एकाच पंगतीत जेवायला बसलेला दिसू शकतो. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं. पहिल्या वर्षी अनेकांना तत्त्वज्ञानापेक्षा इंग्रजीच जास्त छळते, आणि म्हणून बहुतेक धर्मप्रांत मेजर सेमिनरीत पाठवण्याआधी भाषेवर काही काळ खर्च करतात.

पेपल सेमिनरीचे विद्यार्थी वर्गासाठी ज्ञानदीपमध्ये जातात. ज्ञानदीप विद्यापीठ या नावाने ओळखली जाणारी ही संस्था व्हॅटिकनच्या मान्यतेने तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्येतल्या पदव्या देते, अगदी डॉक्टरेटपर्यंत. येशूसंघाचे विद्यार्थी जवळच्याच डी नोबिली कॉलेजमध्ये राहतात. सतराव्या शतकात मदुराईत राहून तमिळ आणि संस्कृत शिकलेल्या, संन्याशाचा वेश स्वीकारलेल्या रॉबर्टो डी नोबिली या इटालियन जेझुइटाचं नाव या घराला दिलेलं आहे. डिव्हाइन वर्ड संघाची सेमिनरीही पुण्यातच आहे. धर्मभगिनी आणि सामान्य प्रापंचिक माणसंही ज्ञानदीपमध्ये शिकू शकतात. त्यामुळे इथे शिकणारा प्रत्येक जण फादर होणार, असं नसतं.

इथल्या अभ्यासक्रमात प्लेटो, अॅक्विनास यांच्याबरोबर भारतीय दर्शनंही असतात. वेदान्त किंवा बौद्ध विचार समजून न घेता या देशात धर्मगुरूचं काम करता येणार नाही, ही त्यामागची भूमिका. पोप जॉन पॉल दुसरे १९८६ च्या फेब्रुवारीत भारतभेटीवर आले, तेव्हा पुण्यालाही आले होते.

मुंबई, नागपूर, नाशिक

गोरेगाव पूर्वेला सेंट पायस दहावे कॉलेज आहे. नावात कॉलेज असलं तरी ही मुंबई महाधर्मप्रांताची मेजर सेमिनरी. मुंबईचे माजी आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस हे इथेच घडले. मोठ्या शहरातल्या चर्चमध्ये काम करायचं, तर त्याच शहरात राहून शिकण्याचा फायदा होतो. झोपडपट्टीपासून उच्चभ्रू सोसायटीपर्यंत सगळे प्रश्न प्रशिक्षणाच्या काळातच समोर येतात.

नागपुरात सेमिनरी हिल्स नावाचा भाग आहे. बालोद्यान आणि टेकडीसाठी तो बहुतेकांना माहीत असतो, पण नाव पडलं ते तिथल्या सेमिनरीमुळे. सेंट चार्ल्स सेमिनरी ही मध्य भारतातल्या अनेक धर्मप्रांतांची सामाईक सेमिनरी आहे. विदर्भातल्या तरुणाची पाठवणी तिथे होण्याची शक्यता बरीच असते.

नाशिकला 'दिव्यदान' ही सलेशियन संघाची तत्त्वज्ञानाची संस्था आहे. रोममधल्या सलेशियन विद्यापीठाशी ती संलग्न आहे. सलेशियनांचं मुख्य काम गरीब आणि कामकरी तरुणांमध्ये, त्यामुळे त्यांच्या प्रशिक्षणात मैदान, वसतिगृह आणि तांत्रिक शाळा यांना पुस्तकांइतकंच स्थान असतं.

गोवा: राशोलची चारशे वर्षं

गोव्यातली राशोल (रायतूर) सेमिनरी मराठी वाचकाला एका वेगळ्या कारणाने जवळची वाटावी. सालसेतमधली ही वास्तू येशूसंघाने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉलेज म्हणून उभारली. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि त्यांनी मराठी ओव्यांमध्ये 'क्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ साली राशोल इथेच छापलं गेलं. मराठीतल्या छपाईचा आणि ख्रिस्ती साहित्याचा इतिहास या पत्त्यापाशी एकत्र येतो.

पोर्तुगीज सरकारने १७५९ मध्ये येशूसंघाला हाकलून दिलं. त्यानंतर ही वास्तू धर्मप्रांतीय धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी वापरली जाऊ लागली आणि आजही ती गोव्याची मेजर सेमिनरी आहे. गोव्यात साळगावला मायनर सेमिनरी आहे. पिलार इथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाच्या मिशनरी संस्थेचं मुख्य केंद्र आहे. १८८७ साली गोव्यातच जन्मलेल्या या संस्थेचे धर्मगुरू देशाच्या दूरदूरच्या भागांत जातात. सिंधुदुर्ग-सावंतवाडीकडच्या कोकणी-मराठी बोलणाऱ्या तरुणांना गोव्याचं वातावरण पुण्या-मुंबईपेक्षा अधिक ओळखीचं वाटू शकतं.

किती वर्षं लागतात?

चर्चच्या कायद्यानुसार तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या मिळून किमान सहा पूर्ण वर्षांचा अभ्यास लागतो. त्यात किमान दोन वर्षं तत्त्वज्ञानाची आणि चार वर्षं ईश्वरविद्येची. प्रत्यक्षात वेळ त्याहून जास्त जातो. धर्मप्रांतीय उमेदवाराचा बारावीनंतरचा प्रवास साधारण असा असतो:

१. ओळख: धर्मग्रामातल्या फादरांशी बोलणं, पाचारण शिबिरांना जाणं, धर्मप्रांताच्या पाचारण संचालकांशी भेटी.

२. पूर्वतयारी: एक ते दोन वर्षं. प्रार्थनेची सवय, भाषा, स्वतःची ओळख.

३. तत्त्वज्ञान: दोन ते तीन वर्षं.

४. रीजन्सी: साधारण एक वर्ष. वर्गाबाहेर, एखाद्या चर्चमध्ये, शाळेत किंवा वसतिगृहात प्रत्यक्ष काम.

५. ईश्वरविद्या: चार वर्षं.

६. डीकनपद: गुरुदीक्षेआधीची पायरी. डीकन झाल्यावर किमान सहा महिने जावे लागतात.

७. गुरुदीक्षा: यासाठी किमान वय २५ वर्षं.

म्हणजे बारावीनंतर आठ ते दहा वर्षं धरून चाला. व्हॅटिकनने २०१६ मध्ये प्रशिक्षणाची नवी चौकट जाहीर केली. त्यात पूर्वतयारीचा टप्पा सगळ्यांसाठी आवश्यक मानला आहे आणि मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक व सेवाकार्य अशा चारही बाजूंनी विद्यार्थ्याची वाढ पाहावी, असं सांगितलं आहे. नुसते चांगले मार्क मिळवून कोणी फादर होत नाही, याचं कारण हेच.

संघांमध्ये याआधी 'नोव्हिशिएट' असतं. हा किमान बारा महिन्यांचा, संघाचं जीवन जवळून जगून पाहण्याचा काळ. येशूसंघात तो दोन वर्षांचा असतो आणि गुरुदीक्षेपर्यंतचा एकूण प्रवास बारा-तेरा वर्षांपर्यंत जाऊ शकतो. बहुतेक संघांत पहिली व्रतं काही वर्षांपुरती असतात आणि ठरावीक काळाने कायमची घ्यायची असतात. येशूसंघात मात्र नोव्हिशिएटनंतरची पहिलीच व्रतं कायमची असतात. संघ निवडताना हा फरक विचारून घ्या.

दहावीनंतर, पदवीनंतर की नोकरीनंतर?

तिन्ही वाटा खुल्या आहेत.

दहावीनंतर मायनर सेमिनरीत जाण्याची पद्धत जुनी आहे. गावाकडच्या, साध्या परिस्थितीतल्या मुलांना त्यामुळे चांगलं शिक्षण आणि शिस्त मिळते. पण पंधरा-सोळाव्या वर्षी आयुष्याचा निर्णय होत नसतो, आणि मायनर सेमिनरी तसा निर्णय मागतही नाही. पालकांनी मात्र ती जागा इतर कोणत्याही वसतिगृहाइतक्याच चौकसपणे पाहावी. मुलांची काळजी कोण घेतं, तक्रार कोणाकडे करायची, घरच्यांशी बोलायची मुभा किती, बालसंरक्षणाचे लेखी नियम आहेत का, हे विचारण्यात संकोच वाटायला नको. २०१२ चा पॉक्सो कायदा सेमिनरीलाही लागू आहे.

पदवी किंवा नोकरीनंतर येणाऱ्यांचं वय जास्त असतं, पण त्यांनी जगही पाहिलेलं असतं. प्रत्येक धर्मप्रांताची आणि संघाची वयाची मर्यादा वेगळी असते आणि ती अनेकदा व्यक्ती पाहून शिथिलही केली जाते. तिशीतल्या माणसाने "आता उशीर झाला" असं स्वतःच ठरवून टाकू नये.

पदवीचा मुद्दा व्यवहाराचाही आहे. सेमिनरीतून मिळणारी चर्चची पदवी सरकारी नोकरीला किंवा विद्यापीठाच्या प्रवेशाला चालेलच, असं गृहीत धरता येत नाही. म्हणून आधी किंवा सोबत एखादी विद्यापीठाची पदवी पूर्ण करता येईल का, हे सुरुवातीलाच विचारा. पुढे शाळा चालवायची असेल तर ती लागते, आणि मार्ग बदलला तर हातात काहीतरी असतं.

कोणाला प्रवेश मिळू शकतो?

उमेदवार बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेला कॅथलिक पुरुष असावा लागतो. दोन्हींचे दाखले, धर्मग्रामातल्या प्रमुख धर्मगुरूंचं पत्र, गुणपत्रिका आणि वैद्यकीय तपासणी या गोष्टी साधारणपणे मागतात. उमेदवाराच्या संमतीने मानसशास्त्रीय चाचणीही होऊ शकते. आधी दुसऱ्या सेमिनरीत राहून बाहेर पडलेला असेल, तर तिथल्या प्रमुखांचा अभिप्राय मागवणं बंधनकारक आहे.

नुकताच कॅथलिक झालेल्या माणसाला लगेच दीक्षा मिळत नाही. त्याची श्रद्धा पुरेशी पारखली जावी, असा नियम आहे.

विवाहित पुरुषाला लॅटिन परंपरेत, म्हणजे महाराष्ट्रातल्या बहुतेक चर्चमध्ये, धर्मगुरू होता येत नाही. पण त्याला कायमस्वरूपी डीकन होता येतं. त्यासाठी वय किमान ३५ आणि पत्नीची संमती लागते. मुंबई महाधर्मप्रांतात असे विवाहित डीकन काम करतात. ते बाप्तिस्मा देतात, लग्न लावतात, प्रवचन करतात, पण ख्रिस्तयाग अर्पण करत नाहीत.

पुण्यात होणारी एक नेहमीची गल्लत इथेच दूर करू. बिबवेवाडीतली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही कॅथलिक नाही. १९५३ साली यवतमाळला सुरू झालेली आणि १९८३ मध्ये पुण्यात आलेली ही प्रोटेस्टंट संस्था आहे. तिथल्या शिक्षणातून कॅथलिक फादर होता येत नाही. प्रोटेस्टंट पाळक लग्न करू शकतात आणि त्यांच्या अनेक मंडळींमध्ये स्त्रियाही पाळक होतात.

खर्च कोण करतं?

सेमिनरीचा पूर्ण खर्च कुटुंबाने उचलावा, अशी अपेक्षा सहसा नसते. बराचसा भार धर्मप्रांत किंवा संघ घेतो, काही रक्कम देणगीदारांकडून येते. सेमिनऱ्यांना मदत करण्यासाठी संत पीटर यांच्या नावाने चालणारी एक जागतिक संस्थाही आहे. फ्रान्समधल्या एका मायलेकीने १८८९ साली ती सुरू केली. कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाटा उचलावा, असं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं. पैसे नाहीत म्हणून कोणी मागे राहू नये, हे धोरण असतं. तरी नेमका आकडा आधीच विचारावा.

दुसरी बाजूही स्पष्ट असायला हवी. फादर झालेल्या मुलाकडून घरखर्चाला नियमित पैसे येतील, ही आशा ठेवता येत नाही. संघातल्या सदस्याचा पगार संघाकडे जातो. अशा पगारावर आयकर कापला जावा की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या धर्मगुरूंच्या आणि धर्मभगिनींच्या पगारातूनही कर कापला जाईल, असं न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. घरात म्हातारे आई-वडील असतील आणि कमावणारा दुसरा कोणी नसेल, तर हा विषय बिशपांशी आधीच मोकळेपणाने बोलावा.

मध्येच सोडलं तर?

घरच्यांना सर्वांत जास्त घाबरवणारा प्रश्न हाच असतो. गावात पाहुणे बोलावून, आशीर्वाद घेऊन पाठवलेला मुलगा चार वर्षांनी परत आला, तर लोक काय म्हणतील?

चर्चच्या नजरेत सेमिनरी हा दोन्ही बाजूंनी पारखून घेण्याचा काळ आहे. विद्यार्थी स्वतःला तपासत असतो आणि सेमिनरी त्याला. डीकन होईपर्यंत धर्मप्रांतीय विद्यार्थी कधीही बाहेर पडू शकतो, त्यासाठी कोणाची सूट लागत नाही. ब्रह्मचर्याचं कायमचं बंधन डीकनपदाच्या वेळी येतं. एकदा डीकन किंवा धर्मगुरू झाल्यावर मात्र त्या जबाबदारीतून मोकळं होण्यासाठी रोमपर्यंत अर्ज करावा लागतो. संघातल्या उमेदवारासाठी व्रतांची तारीख ही अशीच महत्त्वाची रेषा.

उलट बाजूने पाहिलं, तर जबरदस्तीने कोणाला दीक्षा देण्यास चर्चचा कायदा स्पष्ट मनाई करतो. आईने नवस बोलला होता किंवा घराण्यात प्रत्येक पिढीत एक फादर झाला आहे, हे पुरेसं कारण ठरत नाही. परत आलेल्या मुलाशी घरचे कसे वागतात, यावर त्याचं पुढचं आयुष्य बरंच अवलंबून असतं. अनेक माजी विद्यार्थी पुढे शिक्षक, समुपदेशक, पत्रकार, समाजसेवक झाले आहेत आणि सेमिनरीतल्या वर्षांबद्दल आपुलकीने बोलतात.

फादर झाल्यावर करायचं काय असतं?

ख्रिस्तयाग आणि प्रार्थना हा पाया. पण महाराष्ट्रात फादरांच्या कामाची व्याप्ती मोठी आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचं संपादन केलं, बायबलचा सुबोध मराठी अनुवाद केला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला (आताचं धाराशिव) झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. स्वित्झर्लंडहून आलेल्या फादर हर्मन बाकर या जेझुइटांनी अहमदनगरच्या दुष्काळी भागात पाणलोट विकासाचं काम उभं केलं. पहिले धर्मप्रांताचे, दुसरे संघाचे. सुरुवातीला सांगितलेला फरक या दोन नावांतूनही दिसतो.

त्याच वेळी उमेदवार कमी होत आहेत. जगभरात मेजर सेमिनरीतल्या विद्यार्थ्यांची संख्या २०२२ अखेर सुमारे १ लाख ८ हजार होती आणि गेली काही वर्षं ती घसरते आहे. कुटुंबं लहान झाली, करिअरचे पर्याय वाढले. त्यामुळे शिबिरात तुमचं स्वागत उत्साहाने होईल. त्या उत्साहाच्या भरात होकार देऊन टाकण्याची गरज नाही.

सुरुवात कुठून करायची?

पहिली पायरी म्हणजे तुमच्या धर्मग्रामातले फादर. त्यांच्याशी बोलून धर्मप्रांताच्या पाचारण संचालकांना भेटा. किमान एका संघाचं शिबिरही पाहून या. शिबिराला गेलं म्हणजे प्रवेश घेतला, असं होत नाही. शक्य असेल तर सेमिनरीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या ब्रदरांशी, आणि सेमिनरी सोडलेल्या एखाद्या माणसाशीही बोला. दोघांची उत्तरं वेगळी असतील आणि दोन्ही उपयोगी असतील.

भेटीत हे प्रश्न विचारता येतील:

– मला कुठे पाठवलं जाईल आणि ते कोण ठरवेल?
– प्रशिक्षणाची भाषा कोणती? इंग्रजी कच्चं असेल तर मदत मिळते का?
– विद्यापीठाची पदवी सोबत करता येईल का?
– कुटुंबाकडून किती खर्चाची अपेक्षा आहे? मी सोडलं तर तो परत मागतात का?
– घरी किती वेळा जाता येतं? आई-वडिलांच्या आजारपणात काय सोय असते?
– काही त्रास झाला, तर प्रमुखांव्यतिरिक्त कोणाशी बोलायचं?
– कायमचं बंधन नेमकं कोणत्या टप्प्यावर येतं?

या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली, तर पुढच्या भेटीची तारीख ठरवा. मिळाली नाहीत, तर दुसऱ्या धर्मगुरूंशी बोला आणि थोडं थांबा. प्रवेशाची पुढची फेरी दर वर्षी येते, आणि २५ व्या वर्षाआधी तसाही कोणी फादर होत नाही.